एका पानावरची मापं

मास्तर माणसांची नावं विसरायचे, मापं नाही. रस्त्यात कुणी हात केला की हे हसून मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, छाती अडतीस, डावा खांदा पाव इंच उतरता. नाव काय होतं कोण जाणे. पण खांदा उतरता, ते नक्की.

दुकान गल्लीच्या टोकाला. एका बाजूला कुलपंवाला, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला फोटोवाला. आत दोन मशिनी, एक लांबलचक टेबल, त्यावर खडूची धूळ आणि डोक्यावर एक दिवा. कोपऱ्यात कपडे घालून बघायची जागा. तिला खोली म्हणायचं ते आपलं मोठेपण. दोन भिंती कोपऱ्याच्याच, आणि पुढून एक तपकिरी पडदा. पडदा जमिनीपासून वीतभर वर. तो मुद्दाम तसा ठेवलेला. आतल्या माणसाचे पाय दिसले की मास्तरांना सगळं कळायचं. अंगठे एकमेकांकडे वळले, की पँट घट्ट झालीय आणि गिऱ्हाईक बाहेर यायला लाजतंय.

माप मास्तर घ्यायचे आणि मोठ्यानं बोलायचे. वहीत लिहायची त्यांची बायको. काज-बटणंही तिचीच, आणि जीभही तिचीच. दुकानात खोडरबर नव्हतं. चुकलं तर चुकलेल्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी खरं लिहायचं. "चूकपण दिसली पाहिजे," ती म्हणायची. "नाहीतर माणूस पुन्हा तीच करतो. आमच्या यांच्यासारखा."

वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. फक्त एका पानावर दोघं होती. मधे उभी रेघ, डावीकडे मुलगी, उजवीकडे मुलगा. जुळी. ती अकरा मिनिटांनी मोठी म्हणून थोरली, तो धाकटा. तान्ही असताना त्यांची आई दोघांना दोन काखांत घेऊन आली होती आणि म्हणाली होती, "एका पोटात मावली मास्तर, एका पानावर मावतील." सगळे हसले होते. मास्तरांनीच पट्टी धरून मधली रेघ मारली होती.

आता ती दोघं सव्वीस वर्षांची. धाकट्याचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं.

आई दोघांना घेऊन दुकानात आली. धाकट्याला कोट, थोरलीला पायघोळ झगा. झग्याचं कापड शेवाळी रंगाचं, पाण्यासारखं सुळसुळीत. थोरली लिफ्ट दुरुस्त करायची. केस कानाच्या वर, नखांत वंगण, पायात जाड बूट.

"फोटोत माझी मुलगी दिसली पाहिजे मास्तर," आई म्हणाली. "लिफ्टवाला नको."

"लिफ्टवाली, आई."

"तेच ते. उभी राहा नीट."

धाकटा चष्म्याच्या दुकानात कामाला. मिशी राखलेली, बोलणं कमी. आई बोलत होती तेव्हा तो टेबलाशी उभा राहून त्या शेवाळी कापडावरून बोटांची मागची बाजू फिरवत होता. ताप आहे का बघताना आपण कपाळावर हात ठेवतो ना, तसा. आईनं मान वळवली तसा त्यानं हात खिशात घातला.

मास्तरांनी दोघांची मापं घेतली. त्याचा खांदा अठरा, तिचा सोळा. कॉलरचं माप घेताना धाकट्याच्या मानेवर, केस संपतात तिथं, तिळाएवढाच तीळ दिसला. दर वेळी दिसायचा. आणि दर वेळी मास्तर नजर दुसरीकडे वळवायचे. का, ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

चार दिवसांनी ट्रायल. कोट कच्च्या टाक्यांवर उभा होता, झगाही. आधी धाकटा पडद्याआड गेला. मास्तर सुईत दोरा ओवत खाली बघत होते. पडद्याखाली मोजे घातलेले दोन पाय. शेजारी आणखी दोन. अनवाणी.

"ए थोरले, त्याला आधी बदलू दे की!" मास्तर ओरडले. "लहान आहात का आता?"

"मी इथे आहे मास्तर," थोरली म्हणाली. अगदी त्यांच्या पाठीमागून. ती मशिनीच्या पट्ट्यावर हात ठेवून उभी होती, तिची ती सवयच, यंत्र दिसलं की हात लावायचा.

मास्तरांनी परत बघितलं. दोनच पाय. मोजे घातलेले. अंगठे एकमेकांकडे वळलेले.

धाकटा बाहेर आला तेव्हा कोट त्याच्या पाठीवर ताणला होता. खांदे वर चढलेले, बाह्या मनगटाच्या अलीकडे. मास्तरांनी कपाळाला हात लावला. कोट उतरवून टेबलावर पसरला, टेप लावला. अठरा. धाकट्याच्या पाठीला टेप लावला. अठरा. परत अंगात घातला. दोन इंच कमी.

"कापड आटलं," आई म्हणाली.

"बाई, टेबलावर आटत नाही आणि अंगात आटतं, असं कापड मी अजून पाहिलं नाही."

झग्याचंही तेच. थोरली पाठ धरून बाहेर आली. "मास्तर, हुक लागेना. आणि मी जाडी झालेय असं म्हणालात तर तुमचं मशीन उघडून ठेवीन." पण ती जाडी झाली नव्हती. टेप तसं सांगत नव्हता. झगा तिला नुसता नको म्हणत होता. एखाद्या घराचं दार फुगतं आणि लागतच नाही, तसा.

मास्तर धाकट्याच्या कोटाचे टाके उसवायला बसणार, तेवढ्यात थोरलीनं तो उचलला आणि झग्यावरच अंगात घातला. गंमत म्हणून.



कोट तिच्यावर ओतल्यासारखा बसला होता. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. सोळाच्या खांद्यावर अठराचा कोट, आणि एक सुरकुती नाही. तिनं हात वर केले, खाली केले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, मास्तरांनी चाळीस वर्षांत फार थोड्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर ते पाहिलं होतं. अंगाला आपलं घर सापडल्यासारखं.

"काढ ते," आई म्हणाली. हळू म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

थोरलीनं कोट काढला. मास्तरांनी तो टेबलावर टाकला, टेप लावला.

अठरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली एकटीच आली. कामावरून, हत्यारांची पिशवी खांद्याला. बसली नाही.

"मास्तर, मला कोट शिवाल? माझा. त्याचा नको, माझा वेगळा. आईला सांगू नका."

मास्तरांच्या बायकोनं दातात धरलेली सुई काढली. "सांगायचं काय त्यात? लग्नात दिसेलच की तिला. आंधळी आहे का ती?"

"तेव्हा दिसू दे काकू. तेव्हा तिला ओरडता येणार नाही, पाहुणे असतील." ती हसली, मग हसू विझलं. "सगळे म्हणतात हिला भाऊ व्हायचंय. मला कशाला भाऊ व्हायचंय? तो घोरतो. मला मीच व्हायचंय. कोट घालून."

मग ती पडद्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी आत काय झालं होतं, मास्तर?"

मास्तरांचा हात टेपवर थांबला.

"मला काही आठवत नाही. त्याला आठवतं. काल घरी गेल्यापासून एकच लावलंय. म्हणतो, आपण तिथे बदललो. परत आत जाऊ, परत बदलू, म्हणजे सगळं जागेवर येईल. म्हणतो, तू माझं घेऊन बसलीयस."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी?" तिनं पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "माझं आयुष्य मी घडवलंय मास्तर. शिव्या खाऊन. मी आत गेले आणि बाहेर जी कोण येईल, ती मी नसेन. मला बंद पडलेल्या लिफ्टमधे अंधारात लोंबकळताना भीती वाटत नाही. त्या पडद्याची वाटते."

उत्तराची वाट न बघता ती गेली. बायको म्हणाली, "कोणत्या दिवशी?"

मास्तरांनी टेप गुंडाळून टेबलावर ठेवला. मग एकोणीस वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी सांगितलं.

जुळी सात वर्षांची होती. ताप येऊन गेला होता, दोघांचीही डोकी भादरलेली. मागून बघितलं तर आईलाही ओळखू येईनात. म्हणून हिनंच, मास्तरांच्या बायकोनंच, मुलीच्या घोट्याला निळा दोरा बांधला होता. चेष्टेनं. आणि मुलीच्या मानेवर तीळ होता. मुलीच्या. मास्तर कॉलरची मापं घेणारा माणूस, त्यांना माना पाठ.

दोघं नवे कपडे घालायला एकदमच पडद्याआड गेली. खाली चार छोटे पाय, एकाला निळा दोरा. खिदळणं चाललं होतं. मग खिदळणं एकदम थांबलं. कुणीतरी काहीतरी विचारावं आणि ते ऐकायला थांबावं, तसं.

बाहेर आली तेव्हा दोरा शर्ट-चड्डीवाल्याच्या घोट्याला होता. तीळ शर्टवाल्याच्या मानेवर.

"मला वाटलं, कपडे बदललेत कारट्यांनी," मास्तर म्हणाले. "मला हसू आलं. आईला घाई होती, म्हटलं घरी अंघोळीला कळेलच तिला. मी आपलं कपड्यांवरून माप बोललो, झगा डावीकडे, शर्ट उजवीकडे. तू लिहिलंस. आठवड्यानं ती परत आली. मी वाट बघत होतो ती हसत सांगेल म्हणून. काही बोलली नाही. अंघोळीला कळण्यासारखं काही नव्हतंच गं. मुलगा मुलगाच होता, मुलगी मुलगीच. फक्त तीळ मुलाच्या मानेवर होता. आता मी काय विचारणार होतो तिला? बाई, तुमचा मुलगा मुलगाच आहे ना?"

बायको हसली नाही. उठली, वही काढली, ते पान उघडलं. सव्वीस वर्षांची मापं, खाली खाली उतरत गेलेली. एकावरही रेघ नव्हती.

"रेघ मारायला हवी होती," ती म्हणाली.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा आई दोघांना घेऊन आली. भर सकाळ, बाहेर कुलपंवाल्याची कानस चाललेली. मास्तरांनी दोन्ही कपडे तिसऱ्यांदा उसवून शिवले होते. आतून त्यांना ठाऊक होतं, उपयोग नाही.

धाकटा झोपलेला दिसत नव्हता. डोळे आत गेलेले, मिशी वाकडी कापलेली. दुकानात पाऊल टाकल्यापासून तो पडद्याकडे बघत होता.

"पडदा तोच आहे का, मास्तर?"

"तोच."

"धुतला असेल ना मधे?"

"पडदा कोण धुतं?" मास्तरांची बायको म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

आईनं घड्याळ बघितलं. "मला अजून चार ठिकाणी जायचंय. एकेकानं कशाला, जा की दोघं एकदम. लहानपणी जायचात तशी."

धाकट्यानं थोरलीचं मनगट धरलं.

"चल."

"सोड."

"एकदाच. ताई."

अकरा मिनिटांची ताई. तो तिला जन्मात कधी ताई म्हणाला नव्हता, म्हणाला तर चिडवायला. आता चिडवत नव्हता.

"परवा माझं लग्न आहे. मला असं, या अंगात उसनं घेतल्यासारखं नाही जायचं तिच्यासमोर. तुलाही हवंय ना ते? बघितलं मी तुला कोटात. तुझं तुला मिळेल, माझं मला."

"माझं माझ्याजवळच आहे," थोरली म्हणाली. तिचे बूट जमिनीवर घासले. तो तिला ओढत होता. लिफ्टच्या साखळ्या ओढणारी ती, तिला तो ओढू शकला नसता. पण ती सरकत होती.

"काय तमाशा आहे हा?" आई म्हणाली.

मास्तरांनी पडद्याखाली बघितलं. सवयीनं.

आत कुणी गेलं नव्हतं.

चार पाय होते.

छोटे. अनवाणी. बोटं दुकानाकडे. एका घोट्याला निळा दोरा.

आणि पडद्याच्या मागे खिदळणं. अगदी बारीक, तोंडावर हात ठेवून केल्यासारखं.

मास्तर चालत गेले. पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीला पडद्याचा गारवा लागला.

"इथे एका वेळी एकच माणूस," ते म्हणाले. "दुकानाचा नियम आहे."

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"आजपासून. बाई, चूक माझी आहे. यांच्या पानावर मी एकदा चुकीचं लिहिलं आणि रेघ मारली नाही. कोट म्हणून बसत नाहीये. वही काढ गं."

बायकोनं वही आधीच काढली होती. पट्टी ठेवून तिनं जुन्या पानावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरकी रेघ मारली. मग पान उलटलं.

"दोन पानं घे. वेगवेगळी."

मास्तरांनी थोरलीला दिव्याखाली उभं केलं. टेप लावला नाही. आधी विचारलं. एवढ्या वर्षांत त्या दोघांना हे कुणी विचारलंच नव्हतं, कपडा नेहमी आई सांगायची.

"तुला काय शिवू?"

थोरलीनं आईकडे बघितलं. आईनं खिडकीकडे.

"कोट," ती म्हणाली. "माझ्या मापाचा."

"खांदा सोळा," मास्तर बोलले. बायकोनं लिहिलं. ते एकेक माप बोलत गेले, ती लिहीत गेली, आणि पाठीमागचं खिदळणं हळूहळू कमी होत गेलं.

"आणि तुला रे?"

धाकट्यानं मनगट सोडलं होतं. त्याचा हात टेबलावर, शेवाळी कापडावर होता. या वेळी त्यानं तो खिशात घातला नाही.

"कोटच," तो म्हणाला. मग घसा साफ केला. "पण मास्तर, अस्तर याचं लावाल?"

कुलपंवाल्याची कानस थांबली. आई कधीची स्टुलावर बसली होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

"आतून ना?" तिनं विचारलं.

"आतून."

"चालताना दिसेल जरा. पुढून उघडला की."

"दिसू दे, आई."

तिनं बराच वेळ कापडाकडे बघितलं. "मी हौसेनं घेतलं होतं," ती म्हणाली. मग, "वाया नाही जायचं म्हणा," आणि नाक पुसलं.

"खांदा अठरा," मास्तर म्हणाले.

दोन दिवस मशीन थांबलं नाही. झगा उसवून त्याचं अस्तर झालं. लग्नाच्या दिवशी सकाळी दोघं आली. कोट घालायला पडद्याआड जावं लागत नाही, शर्टावरच चढवायचा. दोघांनी टेबलाशी उभं राहून चढवले. दोन्ही बसले. सोळावर सोळा, अठरावर अठरा. धाकट्यानं पुढचं बटण लावून परत उघडलं, उगाच, आतली शेवाळी झुळूक बघायला. थोरलीनं त्याची कॉलर नीट केली. "घोरू नकोस रे तिच्याशेजारी." तो म्हणाला, "तू वंगण पुसून ये ताई." या वेळी चिडवायला म्हणाला. ऐकायला बरं वाटलं.

दोघं दारातून बाहेर पडली तेव्हा मास्तरांनी त्यांच्या मानांकडे बघितलं. पहिल्यांदा नजर वळवली नाही. केस संपतात तिथं, कॉलरच्या वर, धाकट्याला तीळ होता.

थोरलीलाही होता.

गल्लीच्या वळणावर दोन कोट दिसेनासे झाले. मास्तर आत येऊन बसले. बायको टेबलावरचे दोरे गोळा करत होती. ऊन दारापर्यंत आलं होतं. बरं झालं, ते म्हणणार होते. शब्द तोंडात होता.

कोपऱ्यात पडद्याच्या कड्या किणकिणल्या.

खाली चार पाय होते. निळा दोरा. एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली, उभं राहून कंटाळलेली मुलं खाजवतात तशी. एकोणीस वर्षं म्हणजे किती उभं राहणं झालं. आतून परत ते बारीक खिदळणं सुरू झालं होतं.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिनंही बघितलं होतं. तिचा चेहरा पांढरा होता, पण हात नेहमीसारखे चालत होते. तिनं वही पुढ्यात ओढली, कोरं पान काढलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"एकच पान की दोन?" तिनं विचारलं. मास्तरांना नाही.

पडद्यामागचं खिदळणं थांबलं.